आमच्या घरचा खर्ज

वाचकहो, 'रॉक' हा शब्द उच्चारताच आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळास आठी पडेल. आणि त्याच्या जोडीला 'व्हिडिओ गेम' हा दुसरा शब्द आला म्हणजे, कुटुंबासाठी निघणाऱ्या मासिकात या विषयाचे काय काम, असेही कोणी विचारील. विचारावेच. आमच्या हेब्बाळच्या घरातही हा प्रश्न विचारला गेला होता, आणि तो विचारणाऱ्या होत्या आमच्या सासूबाई. त्याच सासूबाई आता दर शनिवारी संध्याकाळी मायक्रोफोन हाती घेऊन बसतात. हे कसे घडले ते सांगावयाचे तर आधी आमच्या मामंजींच्या कानांविषयी सांगितले पाहिजे.

मामंजींचे वय आज चौऱ्याहत्तर. त्यांचे बालपण बेळगावात गेले. वडिलांना नाट्यसंगीताचा नाद, घरी पेटी, आल्यागेल्यांत दोन तबलजी. अशा घरात मुलाला रॉकचा छंद लागावा हा योगायोगच म्हणावयाचा. कॉलेजात असताना, म्हणजे १९७० च्या आसपास, एका मित्राच्या घरी रेकॉर्ड-प्लेअर होता. तेथे त्यांनी बीटल्स ऐकले, रोलिंग स्टोन्स ऐकले, आणि पुढे डीप पर्पल ऐकून तर ते रात्रभर झोपले नाहीत म्हणे. कलकत्त्याहून निघणारे 'जे. एस.' हे तरुणांचे साप्ताहिक ते मित्रांत वर्गणी काढून घेत. नोकरीनिमित्त बंगळूरास आल्यावर पहिल्या पगारातून त्यांनी रेकॉर्ड घेतली. कुकर दुसऱ्या पगारातून आला. ही तक्रार सासूबाई अजूनही हसत हसत करतात.

परंतु रॉकचा हा शौक घरात त्यांच्या एकट्याचाच राहिला. दिवाणखान्यात सकाळी अभंग लागत, संध्याकाळी बातम्या. मामंजींचे संगीत त्यांच्या खोलीत, दार लावून. आमच्या घरापासून बळ्ळारी रस्त्याने दक्षिणेस निघाले आणि मेखरी सर्कल ओलांडले की पॅलेस ग्राउंड्सचे विस्तीर्ण मैदान लागते. २००१ साली तेथे डीप पर्पल आले, २००२ साली रॉजर वॉटर्स, आणि २००३ च्या एप्रिलात प्रत्यक्ष रोलिंग स्टोन्स. ज्यांना तरुणपणी नुसत्या तबकडीवर ऐकले त्यांना मामंजींनी पन्नाशी ओलांडल्यावर समोर पाहिले. आणि तिन्ही वेळा ते एकटेच गेले. मुलांना परीक्षा होत्या आणि सासूबाईंना गोंगाट सहन होत नव्हता.

पुढे कानांनी दगा दिला. उतारवयातील बहिरेपणाविषयी आपली समजूत बहुधा अशी असते की सगळाच आवाज हळू होत जातो. तसे नसते. कानाच्या आतल्या शंखाकृती नळीत ध्वनीची स्पंदने टिपणाऱ्या अतिसूक्ष्म केसांच्या पेशी असतात. उंच स्वर टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी, खालचे स्वर टिपणाऱ्या तिच्या आतल्या टोकाशी. वयाने झिजतात त्या प्रथम तोंडाजवळच्या. त्यामुळे उंच आवाज आधी जातात आणि खर्ज पुष्कळ काळ टिकतो. बोलण्यात स्वर खालचे असतात. 'स', 'श', 'थ', 'फ' ही व्यंजने उंच आणि क्षीण. म्हणून अशा माणसाला कोणी बोलत आहे हे कळते, काय बोलत आहे ते कळत नाही. 'सात' म्हटले की 'हात', याचा निवाडा त्याला संदर्भावरून करावा लागतो, आणि पानावर पाच माणसे एकदम बोलू लागली की संदर्भही हातचा जातो. मामंजी जेवताना हळूहळू गप्प झाले. नंतर आधी जेवून उठू लागले. त्यांना राग आलेला नसे, पण मुलांना तसे वाटे.

श्रवणयंत्र आले. बोलणे पुष्कळ सुधारले. संगीत मात्र बिघडले. ही यंत्रे मुख्यतः बोलणे समजावे म्हणून बनविलेली असतात. हळू आवाज ती वाढवितात आणि मोठा आवाज दाबतात. संगीताला नेमके हेच मानवत नाही. झांजांचा आवाज पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा येतो, असे मामंजी म्हणत. संगीतासाठी यंत्राची वेगळी मांडणी करून मिळते; ती आम्ही करून घेतली. फरक पडला, पण थोडाच. रेकॉर्डी कपाटात गेल्या. त्या कपाटावर सासूबाईंनी फुलदाणी ठेवली, तेव्हा मला फार वाईट वाटले.

तीन वर्षांपूर्वी माझे धाकटे दीर अमेरिकेतील बिऱ्हाड मोडून परत आले. त्यांच्या सामानात एक मोठे खोके होते. आत प्लॅस्टिकच्या दोन गिटारी, चार रबरी थाळ्यांचा ड्रम, पायाने दाबावयाचे एक पेडल, दोन मायक्रोफोन आणि एक जुना कन्सोल. भाऊजींनी ते २००९ साली विकत घेतले होते. या खेळांची थोडी हकिकत सांगते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज या गावी १९९५ साली हार्मोनिक्स नावाची कंपनी निघाली. ज्यांना वाद्य येत नाही त्यांनाही वाजविण्याचा आनंद घेता यावा, हा तिच्या संस्थापकांचा हेतू होता. तिने २००५ साली 'गिटार हीरो' हा खेळ बनविला आणि २००७ साली 'रॉक बँड'. पहिल्यात मुख्य वाद्य गिटार. दुसऱ्यात गिटार, बेस गिटार, ड्रम आणि गायन, म्हणजे चौघांचा पुरा ताफा. ९ सप्टेंबर २००९ रोजी बीटल्सच्या ४५ गाण्यांचा स्वतंत्र खेळ निघाला. त्यात एकाच वेळी तिघांना गाता येते.

खेळ असा: प्लॅस्टिकच्या गिटारीच्या मानेवर हिरवी, तांबडी, पिवळी, निळी आणि नारिंगी अशी पाच बटणे असतात आणि तारांच्या जागी एक पट्टी. पडद्यावर एक रस्ता दिसतो. त्यावरून रंगीत ठिपके आपल्याकडे सरकत येतात. ठिपका खालच्या रेषेवर पोहोचेल त्या क्षणी त्या रंगाचे बटण दाबून पट्टीवर आघात करावयाचा. साधला तर सूर वाजतो. हुकला तर काय होते, ते मला सर्वांत विलक्षण वाटते. हुकणाऱ्याचे वाद्य तेवढ्यापुरते मुके होते. बाकीचे गाणे चालूच राहते, त्यात फक्त एक भोक पडते. हे साधावयाचे म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातील प्रत्येक वाद्य वेगळे हाती असावे लागते. बीटल्सची सुरुवातीची गाणी दोनच पट्ट्यांवर मुद्रित झालेली, वाद्ये एकमेकांत मिसळलेली. त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन यांनी या खेळासाठी ती खटपटीने सुटी करून घेतली. मुलाने बापाचे काम उकलावे, हा भाग मला भारी आवडतो.

अमेरिकेतील यंत्र ११० व्होल्टवर चालणारे, म्हणून माझ्या यजमानांनी एस. पी. रोडवरून ट्रान्सफॉर्मर आणला. पहिल्या संध्याकाळी मुले वाजवू लागली आणि सगळेच हुकत गेले. मामंजी कोपऱ्यात वर्तमानपत्र घेऊन बसले होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मुले उशीर करीत नाहीत, तुमचा पडदा उशीर करतो आहे." तसेच होते. आजकालचे टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी आत काही संस्कार करतात आणि त्यात सेकंदाचे काही शतांश जातात. तेवढ्याने ताल चुकतो. खेळात हा फरक दुरुस्त करण्याची सोय असते, ती भाऊजींना ठाऊक होती. परंतु ज्यांना शब्द ऐकू येत नव्हते त्यांना तो शतांश जाणवला, ही गोष्ट घरात सर्वांनी लक्षात घेतली. नातवाने दुसरी गिटार उचलली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

मामंजींनी बेस घेतला. तो आपणहून घेतला असे नव्हे. मुलांना मुख्य गिटार हवी होती, उरला तो हा. पण वाचकहो, बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. ज्या प्रदेशात मामंजींचे कान अजून शाबूत आहेत, तो हाच. भाऊजींनी जुना लाकडी स्पीकर त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर ठेवला. मामंजी चपला काढून पाय त्याला टेकवितात. कान जे अर्धवट सांगतात ते तळपाय आणि डोळे पुरे करतात, कारण पुढचा सूर कोणता हे पडद्यावर आधीच दिसत असते. गाण्याचे शब्दही तेथे लिहून येतात. पन्नास वर्षे आपण एका गाण्यातली ओळ चुकीची म्हणत होतो, हे त्यांना त्यामुळे कळले आणि ते मनसोक्त हसले.

बाकीच्यांना काय मिळाले, हे माझ्यापुरते सांगते. रॉक ऐकताना मला पूर्वी ड्रम ऐकू येई आणि गायकाची आरोळी. खाली काही चालले आहे याची दाद नव्हती. मामंजी हुकले की गाण्याखालची जमीन एकाएकी निघून जाई, आणि सात वर्षांचा आमचा मुलगा ओरडे, "खर्ज गेला!" जो आवाज गेल्यावर कळला तो असताना काय करीत होता, हे मग कान शोधू लागले. बीटल्सच्या 'समथिंग' या गाण्यात पॉल मॅकार्टनी यांचा बेस गायकाच्या बरोबरीने जवळजवळ दुसरे गाणे गात असतो. ते मामंजी पन्नास वर्षे एकटे ऐकत आले होते.

सासूबाईंचे मन वळले ते निराळ्या कारणाने. गायनात हे यंत्र मुख्यतः सूर पाहते. शब्दांशी त्याचे फारसे देणेघेणे नाही. शिवाय खालच्या सप्तकात गा की वरच्या, त्याला दोन्ही चालते. एके दिवशी मुलीचा घसा बसला होता म्हणून तिने मायक्रोफोन आजीकडे दिला. सासूबाईंनी इंग्रजी शब्दांकडे ढुंकूनही पाहिले नाही. सुराची रेघ वर जाते की खाली, एवढे बघून त्यांनी सबंध गाणे आकारात म्हटले. भजनी मंडळात घालविलेली चाळीस वर्षे कामी आली; शेवटी आलेला आकडा आम्हा सर्वांहून वरचा होता. "तुमच्या त्या आरडाओरड्याला चाल बरी असते की," असे त्या म्हणाल्या. हे मामंजींना दोनदा मोठ्याने सांगावे लागले. दुसऱ्यांदा, मला वाटते, त्यांनी मुद्दाम सांगावयास लावले.

हे वाजविणे खरे वाजविणे आहे काय, अशी शंका संगीत जाणणारे घेतील. नाही, असेच माझे उत्तर आहे. पाच बटणे म्हणजे सहा तारा नव्हेत. आमच्या अकरा वर्षांच्या मुलीने यावरून खऱ्या गिटारीचा हट्ट धरला. ती आणली, तेव्हा बोटांची टोके दुखून आली आणि आठवडाभर तिने खेळ आणि गिटार दोन्ही सोडली. पुढे तिने गिटार पुन्हा उचलली, पण खेळातले कौशल्य तेथे फारसे उपयोगी पडत नाही, एवढे खरे. ड्रमचे तसे नाही. तेथे हातापायांची वाटणी बरीचशी खऱ्यासारखीच असते. मी स्वतः दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेले मराठीत आणते. दुसऱ्याच्या वाक्यामागून चालताना ते वाक्य जितके बारकाईने वाचावे लागते तितके ते लेखकाच्या चाहत्यानेही वाचलेले नसते. या खेळाला वादन न म्हणता अशा जातीचे ऐकणे म्हणावे, असे मला वाटते. असो.

आवाजाविषयी मात्र आमच्या घरी नियम कडक आहेत, आणि ते मामंजींनी घातले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांनी आठवड्यातून ४० तास ८० डेसिबलपर्यंतचा आवाज ऐकण्यास हरकत नाही. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. आवाज वाढला की सुरक्षित काळ झपाट्याने कमी होतो. मुलीने फोनवर मापक बसविला आहे. काटा ७५ च्या पुढे गेला की आजोबा स्वतः हात वर करून खेळ थांबवितात. झांजा त्यांना परत मिळावयाच्या नाहीत. मुलांच्या कानांत त्या राहाव्यात, एवढ्यासाठी ते संध्याकाळ मध्येच तोडतात आणि कोणाच्या रुसण्याला भीक घालीत नाहीत.

एक अडचण आहे. 'गिटार हीरो' काढणाऱ्यांनी २०११ साली तो विभाग बंद केला. २०१५ साली दोन्ही खेळांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, पण पहिली लाट ओसरली ती ओसरलीच. २०२१ साली हार्मोनिक्स दुसऱ्या एका मोठ्या कंपनीत गेली. २०२४ पासून नव्या गिटारी पुन्हा बाजारात दिसू लागल्या आहेत, परंतु त्या मुख्यतः नव्या यंत्रांसाठी. आमच्या जुन्या कन्सोलला त्या चालत नाहीत. गेल्या पावसाळ्यात मामंजींच्या गिटारीची आघातपट्टी एका आघाताला दोन सूर देऊ लागली. सुट्या भागांसाठी यजमान दोन शनिवार एस. पी. रोडवर हिंडले. शेवटी एका दुरुस्तीवाल्याने संगणकाच्या जुन्या माऊसमधला चिमुकला स्विच काढून त्यात बसविला आणि घेतले ऐंशी रुपये. तेवढ्याने पट्टी नीट चालू लागली. फक्त तिचा टक-टक आवाज पूर्वीपेक्षा मोठा येतो, तो मामंजींना ऐकू येत नाही.

हिवाळ्यात त्यांच्या कानांची पुन्हा तपासणी झाली. डाव्या कानाचा आलेख आणखी उतरला आहे. आम्ही स्पीकर उजव्या बाजूस घेतला. वरच्या मजल्यावर लहान मूल असल्याने आमची बैठक सहाला सुरू होऊन साडेसातला संपते; तोवर हेब्बाळच्या उड्डाणपुलावरची विमानतळाची गर्दी ऐन भरात आलेली असते आणि यजमान बहुधा तिच्यातच अडकलेले असतात, म्हणून ड्रमवर पहिला अर्धा तास मी बसते. गेल्या शनिवारी मामंजींनी 'समथिंग' मधल्या पायरीवरून अवघड पायरीवर घेतले. मधल्या भागात ते तीनदा घसरले. नातू तीनदा ओरडला. सासूबाईंनी आकार न सोडता हातानेच त्याला गप्प बसविले.