खणातली कार्डं

पुस्तकांइतकीच मला त्यांची कार्डं आवडायची. परळच्या आमच्या वाचनालयात लाकडी खणांत ती उभी असत. वर लेखक, खाली पुस्तकाचं नाव, कोपऱ्यात दाखल क्रमांक. पुस्तक कुणी घरी नेलेलं असलं, तरी ते आहे हे कार्डावरून कळे.

कॉलेजात असताना शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' हाती आली. १८०० ते १९३७ या काळात छापलेली मराठी पुस्तकं त्यांनी हुडकून नोंदवली. नोंद ठेवणं हीही वाङ्मयाची सेवाच, असं मी तेव्हापासून मानत आले.

नोकरीत डेटाबेस आला. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेली टेबलांची कल्पना शिकताना मला तो खण आठवला, आणि त्यातली उणीवही दिसली. कार्डावर लेखकाला एक ओळ. अनुवादक कसाबसा कडेला, चित्रकार बहुधा नाहीच. इथे पुस्तकं एका टेबलात, माणसं दुसऱ्यात आणि कुणी कुठल्या पुस्तकासाठी काय केलं ते तिसऱ्यात. सगळ्यांना जागा.

त्याच वाचनालयासाठी आता मी पायथनमध्ये एपीआय लिहिलं आहे, फास्टएपीआय आणि पोस्टग्रेस वापरून. मोबाइलवरून नाव विचारलं की सर्व्हर टेबलं धुंडाळून जेसनमध्ये उत्तर धाडतो. पुस्तक नसेल तर ४०४. हे लवकर जमलं. वेळ खाल्ला तो मराठीने, आणि तो द्यायलाच हवा होता. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये बसतो, त्यामुळे नुसत्या क्रमांकाने लावलं तर काळे कासारांच्या आधी येतात. आपल्या वर्णमालेत 'ळ' येतो 'ह'नंतर. ग्रंथपालबाईंच्या खणात काळे कासारांच्या मागेच असत. 'गोऱ्हे'मधला 'ऱ' दोन प्रकारे साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा 'र' आणि खाली नुक्ता. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण शोध रिकामा परततो. म्हणून आलेला प्रत्येक शब्द आधी एका रूपात आणते, मगच साठवते. शोधायला आलेल्या शब्दालाही तोच नियम. वर्णक्रम मात्र डेटाबेसमध्येच ठरवला. उद्या दुसऱ्या कुणी याच नोंदींवर वेगळं ॲप केलं, तरी काळे आपल्या जागी राहतील.

सध्या जुन्या नोंदी भरते आहे. अनुवादित पुस्तक आलं की कार्डावर थांबत नाही, कपाटातून प्रत काढून मुखपृष्ठाच्या आतलं पान पाहते. अनुवादकाचं नाव बहुतेक वेळा तिथे असतं.