दुपारी मिटणारी पेठ

पुण्यात सोन्या मारुती चौकातून रविवार पेठेत शिरले की बाजार एकदम दाट होतो. हिचे जुने नाव मलकापूर. अरुंद आळ्या, दोन्ही अंगांनी मालाने ओसंडणारी दुकाने, मधून हातगाड्या. बोहरी आळीत तर खोक्यांपासून खिळ्यांपर्यंत सारे ठोकीने मिळते. जुन्या इमारतींतून अजूनही लाकडी जिने दिसतात. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी ही मूळ रचना आहे.

दुपारी एक ते चार दुकान मिटण्याची पुणेरी रीत या जिन्यांवाचून समजत नाही. तिची थट्टा साऱ्या महाराष्ट्राने केली. परंतु नऊ ते एक आणि चार ते साडेआठ एवढा वेळ गादीवर बसणाऱ्या माणसाचे साडेआठ तास तेथेच भरतात. उन्हाच्या वेळी गिऱ्हाईक तुरळक असते, गरम जेवण बारा पायऱ्यांवर असते आणि घटकाभर डोळा लागल्याने फारसे काही बुडत नाही. चितळे बंधूंनी २०१७ मध्ये दुपारची सुट्टी बंद केली तेव्हा तिची बातमी झाली. पाळ्यांनी काम करणारा नोकरवर्ग असलेल्या पेढीला ते जमते. एकट्याच्या दुकानाला पाळी कोणाची लावायची? त्याच वर्षीच्या राज्याच्या नव्या कायद्याने दुकाने वर्षभर रोज उघडी ठेवण्याची मुभा दिली. म्हणजे दुकान केव्हा मिटायचे, हे आता मालकाच्याच मनावर आले.

दुपार त्या मानाने सोपी. खरी कसोटी सायंकाळची. पुण्यात डिसेंबरच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या आरंभी सव्वासातला. चौविहार पाळणाऱ्या घराला ताटावर बसायचे असते, नेमके तेव्हाच तुळशीबागेतील गर्दी उसळू लागते. भाद्रपदात हा पेच अधिक घट्ट होतो. श्वेतांबरांची संवत्सरी गणेश चतुर्थीच्या आगेमागे येते. दिगंबरांचे दशलक्षण पर्व अनंत चतुर्दशीला संपते, त्या दिवशी लक्ष्मी रस्ता विसर्जनाच्या मिरवणुकीने भरून वाहत असतो. बाजार तेजीत असताना दुकानाला कुलूप लावणे म्हणजे काय, हे गल्ल्यावर बसलेल्यालाच ठाऊक!

पेठेतील काही जुन्या घरांनी यावर काढलेली तोड पाहण्याजोगी आहे. त्यांनी वेळेशी झगडण्याऐवजी माल बदलला. तयार कपडे, मिठाई, खेळणी यांचे गिऱ्हाईक दिवे लागल्यावर येते. दोरे, अस्तर, बटणे, पिशव्या, तारा यांचे ठोक गिऱ्हाईक दिवसाउजेडी येते. तालुक्याचा दुकानदार सकाळच्या एसटीने उतरतो, यादी टाकतो, माल बांधून घेतो आणि संध्याकाळच्या आत परत फिरतो. अशा धंद्यात नफ्याचा टक्का कमी, उधारी मोठी आणि वसुलीची कटकट कायमची. किरकोळ विक्रीतील रोकड सोडून ही झळ सोसायची, तेव्हा सूर्यास्तापूर्वीचे ताट मिळते. घरातील मंडळींनी हा हिशेब मांडूनच माल निवडलेला असतो. पुढे केवळ निश्चयाच्या बळावर वेळ आवरता येईल असे मानणारा किरकोळ दुकानदार सहसा पहिल्याच दिवाळीत नमतो.

या रचनेला आता तडा जातो आहे तो गिऱ्हाइकामुळे नव्हे, घरामुळे. नव्या पिढीला लिफ्ट हवी, गाडीला जागा हवी, मुलांना अंगण हवे. या मागण्या रास्तच आहेत. बिऱ्हाडे बिबवेवाडीकडे, सॅलिसबरी पार्ककडे सरकली. वरच्या मजल्यावर आता माल रचलेला असतो. दुपारी घरी जाऊन परत यायचे तर अर्धी सुट्टी रहदारीतच संपते. म्हणून पेठेत आता एक नवेच दृश्य दिसते: भर दुपारी शटर अर्धे ओढलेले, आत पंख्याखाली डबा उघडून बसलेला मालक आणि बाहेरून वाकून, ‘शेठ, दोन गड्डी दोरा मिळेल का?’ असे विचारणारा कोणीतरी. बहुधा तो मिळतोही.