सेकंदाला चौदा ठोके

मेटल वाजवणाऱ्या ड्रमरला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. नातेवाईक विचारतात, "पाय दुखत नाहीत का रे?" आणि मेटल ऐकणारे विचारतात, "ट्रिगर लावतोस का?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुखतात, पण लोकांना वाटतं तशा पोटऱ्या नव्हे, नडगीला लागून असलेला पुढचा स्नायू. दुसऱ्या प्रश्नात मात्र निकाल आधीच लावलेला असतो. 'हो' म्हटलं की समोरच्याचा चेहरा सांगतो, म्हणजे खरं वाजवत नाहीस तर!

या एका प्रश्नावरून मेटलवाल्यांत गेली तीस-पस्तीस वर्षं भांडणं चालू आहेत. आता त्याच घरात ग्रिड, लॅपटॉप आणि एआय अशी नवी भावंडं आली आहेत. मी रात्री ड्रम वाजवतो आणि दिवसा स्टुडिओत बसून दुसऱ्यांचे ड्रम 'सरळ' करून देतो, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या मला ओळखीच्या आहेत.

आधी ट्रिगरबद्दल. २२० च्या टेम्पोवर एका बीटला चार ठोके धरले, तर सेकंदाला साडेचौदाच्या वर ठोके होतात. डबल पेडलवर ते दोन पायांत वाटले तरी एकेका पायाला सातच्या वर. दोन ठोक्यांमधलं अंतर साधारण ६८ मिलिसेकंद. बावीस इंची बेस ड्रमचा घुमारा तेवढ्यात विरत नाही. पहिला ठोका अजून घुमतोय तोवर दुसरा, त्यावर तिसरा, आणि हॉलमध्ये मागे उभं राहिलेल्या माणसाला नुसता गडगडाट ऐकू येतो. म्हणून मेटलच्या ड्रमरनं पहिल्यापासून काय केलं, तर ड्रमचा घुमारा मारला. आत उशी कोंबली, जुनी चादर कोंबली, फेल्टचा बीटर काढून लाकडी किंवा प्लास्टिकचा लावला. बीटर जिथं आदळतो तिथं नाणं चिकटवण्याची युक्तीही जुनीच. मी जुना, जाडजूड रुपया चिकटवला होता. धप्प जाऊन टक्क आला. अंगावर येणारा आवाज गेला, पण ठोके मोजता येऊ लागले.

ट्रिगर ही त्याच रुपयाची पुढची पायरी. ड्रमच्या कड्यावर एक छोटा सेन्सर बसवतात. हेड थरथरलं की तो मॉड्यूलला इशारा देतो आणि मॉड्यूल आधी रेकॉर्ड केलेला ठोका वाजवतं. नेहमीच्या सेटिंगला पाय हळू पडला काय, जोरात पडला काय, बाहेर येणारा आवाज जवळपास सारखाच. चोरी म्हणतात ती हीच. आणि जोरापुरतं ते खरंही आहे. माझा डावा पाय उजव्यापेक्षा कमजोर आहे. बहुतेकांचा असतो. ट्रिगर ते झाकतो.

पण वेळ झाकत नाही, उलट उघडी पाडतो. नुसत्या ड्रमवर डावा पाय किंचित उशिरा पडला तर ती चूक गडगडाटात बुडून जाते. ट्रिगर लावला की तीच चूक लख्ख ऐकू येते: टक-टक, टक-टक, लंगडी घातल्यासारखी. नवशिक्या पोराला ट्रिगर लावून बसवा, दोन मिनिटांत रडकुंडीला येईल. त्यामुळे 'ट्रिगर लावला की कुणीही वाजवेल' असं म्हणणारा माणूस ड्रमच्या मागे कधी बसलेला नाही, हे मी पैजेवर सांगतो. ट्रिगरनं जे खरोखर हिरावून घेतलं ते वेगळंच आहे. हलका ठोका गेला. पाय जमिनीवर नुसता टेकवल्यासारखा वाजवायचा आणि पुढच्या ओळीला दणका द्यायचा, ही सोय गेली. स्लेयरच्या 'रेन इन ब्लड'वर डेव्ह लोम्बार्डोनं काय केलंय ते पाहा. १९८६चा अल्बम, सगळा मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतो. 'एंजल ऑफ डेथ'मध्ये सगळी वाद्यं थांबतात आणि काही क्षण फक्त त्याचे दोन पाय ऐकू येतात. तेवढेच. पुढे वीस वर्षं ड्रमर मंडळी ते काही क्षण अख्ख्या गाण्यावर ताणत बसली, आणि त्याला ट्रिगरपेक्षा आमची हाव जास्त जबाबदार आहे.

माझं खरं भांडण ग्रिडशी आहे.

ग्रिड म्हणजे कम्प्युटरच्या पडद्यावरच्या उभ्या रेघा. ड्रमरनं वाजवलेला प्रत्येक ठोका कापायचा आणि सरकवून जवळच्या रेघेवर नेऊन बसवायचा. पूर्वी हे काम ब्लेडनं टेप कापून व्हायचं. मेटालिकाचा १९९१चा काळ्या कव्हरचा अल्बम अनेक टेकमधले चांगले तुकडे जोडून बनवला हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा एकेक जोड देताना हात दुखायचा, त्यामुळे माणूस गरजेपुरतंच कापायचा. आता एक बटण दाबलं की अख्खं गाणं रेघेवर. मुद्दाम यंत्रासारखं वाजवण्याला माझी ना नाही. फिअर फॅक्टरीच्या १९९५च्या 'डीमॅन्युफॅक्चर'मध्ये गिटार आणि बेस ड्रम एकाच साच्यातून काढल्यासारखे पडतात, कारण अल्बमचा विषयच माणूस आणि यंत्र हा आहे. मेशुगानं २००५ मध्ये 'कॅच थर्टीथ्री'चे सगळे ड्रम सॉफ्टवेअरवर प्रोग्राम केले आणि ते लपवलंही नाही. तीन वर्षांनी 'ऑबझेन'साठी टोमास हाके पुन्हा ड्रमवर बसला. त्यातल्या 'ब्लीड'मध्ये त्याचे पाय जे करतात ते ऐकून जगभरच्या ड्रमरनी आपापली पेडलं विकायला काढावीत की काय असं झालं होतं. ज्याला यंत्र हवंय त्यानं यंत्र घ्यावं. पण ज्याला नकोय त्याचंही गाणं सवयीनं ग्रिडवर जातं, हे मला खुपतं.

मध्यंतरी एक तरुण बँड आला होता. थ्रॅश वाजवणारी कॉलेजची पोरं. त्यांचा ड्रमर अबोल, पण हात चांगला. कोरसच्या आधी त्यानं एक फिल घेतला होता, स्नेअरवरून खाली फ्लोर टॉमपर्यंत. तो फिल पळत होता. कोरसचा पहिला ठोका रेघेच्या वीस-एक मिलिसेकंद आधी पडत होता. गिटारिस्ट माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघत म्हणाला, "दादा, हे बघा ना, पुढे आलंय."

"कानानं ऐक," मी म्हटलं.

"ऐकलं. पण दिसतंय ना पुढे आलेलं."

मी दोन्ही वाजवून दाखवले, त्याला पाठमोरा बसवून. मूळ फिलमध्ये कोरस अंगावर कोसळतो. सरळ केलेल्यात कोरस नुसता सुरू होतो. ड्रमर कोपऱ्यात बसून हसत होता, कारण त्याला ठाऊक होतं. गिटारिस्टनं थोडा विचार केला आणि म्हणाला, "बरोबर आहे दादा, पण बाकीच्या बँडांचं सगळं टाइट असतं, आमचंच ढिलं वाटेल." गाणं त्यांचं, पैसे त्यांचे. बसवला ग्रिडवर.

हे 'बाकीच्यांचं' प्रकरण या धंद्यातली सगळ्यात मोठी कटकट आहे. आवाजाच्या पातळीचंही तेच झालं. २००८ मध्ये मेटालिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' इतका दाबून, इतका मोठा करून काढला की आवाज फाटायला लागला, आणि चाहत्यांना गिटार हिरो या व्हिडिओ गेममधली तीच गाणी जास्त मोकळी वाटली. तरीही पुढची कित्येक वर्षं माझ्याकडे येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "त्यांच्याएवढा लाउड पाहिजे."

ज्यांच्यापासून मेटल सुरू झालं त्या ब्लॅक सॅबथनं पहिला अल्बम १९६९च्या ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये एका दिवसात रेकॉर्ड केला. कानात टेम्पो मोजणारा क्लिक नाही, ग्रिड नाही. टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात गेलेली, त्यामुळे त्याची गिटार जड आणि सावकाश चालते. बिल वॉर्ड जॅझ ऐकत वाढलेला ड्रमर. तो गिटारच्या मागे रेंगाळतो, कधी पुढे जातो, शेवटाकडे दोघे मिळून वेग घेतात. पडद्यावर टाकलं तर एकही ठोका रेघेवर सापडायचा नाही. ५ जुलै २०२५ ला व्हिला पार्कच्या मैदानात मूळ चौघे वीस वर्षांनी एकत्र वाजले. मी पहाटे जागून पाहिलं. वॉर्ड ७७ वर्षांचा, अंगातला शर्ट काढून बसलेला. गायक ऑझी सिंहासनावर, उठणं शक्य नसलेला. ऑझीचा श्वास कमी पडला की बँड जागा करून देतोय, असं मला सतत वाटत राहिलं. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत ऑझी गेला. त्या रात्री वॉर्डला कुणी कानात क्लिक दिला असता तर काय झालं असतं, याचा मी उगाचच विचार करत बसलो.

कोण कोणासाठी थांबतं, हे मला तपासून बघावंसं वाटतं. पुण्याच्या ढोल-ताशा पथकात ताशा वेग ठरवतो आणि पन्नास ढोल त्याच्याकडे कान लावून असतात. ताशेवाला दमला की चालही उतरते, मिरवणूकही. ट्रिगर पायाचं ऐकतो, म्हणून माझी त्याच्याविषयी तक्रार नाही. लॅपटॉप कुणाचंच ऐकत नाही. आजकाल निम्म्या बँडांच्या मागे तो असतो: कीबोर्ड, कोरस, दुसरी गिटार, कधी कधी गाणाऱ्याचा वरचा सूरसुद्धा त्यातून येतो, आणि सगळं जुळावं म्हणून ड्रमरच्या कानात क्लिक. २०२२ मध्ये फॉलिंग इन रिव्हर्सनं लॅपटॉप हरवले म्हणून अमेरिकेतला एक कार्यक्रम रद्द केला, तेव्हा रेडिओवाल्या एडी ट्रंकनं जाहीर टीका केली आणि दोन तट पडले. मी ट्रंकच्या बाजूचा, पण पूर्ण नाही. आमच्याही दोन गाण्यांना लॅपटॉप लागतो. फरक इतकाच की तो बंद पडला तर ती दोन गाणी वगळून आम्ही वाजवत राहतो.

(एआयवर मी फार बोलणार नाही. डेसाइड बँडच्या २०२४च्या अल्बमच्या एआयनं बनवलेल्या कव्हरवरून चाहते खवळले, आणि बरं केलं. चित्रकाराला पैसे द्यावेत, एवढंच माझं म्हणणं.)

आता इतकं ग्रिडविरुद्ध बोललो, पण मुंबईत राहून प्रोग्राम केलेल्या ड्रमना नावं ठेवणं मला जमत नाही. गॅरेजमध्ये रोज ड्रम बडवत मोठे झालेले अमेरिकन ड्रमर शुद्धतेच्या गोष्टी करतात, त्यांना गॅरेज असतं. आमच्याकडे वन बीएचके, वर सोसायटीचे सेक्रेटरी, खाली कुणाचं तरी तान्हं बाळ. मी अजूनही घरी रबराच्या पॅडवर सराव करतो आणि खऱ्या ड्रमसाठी तासावर भाडं भरून जॅमरूममध्ये जातो, पेडल, स्नेअर आणि झांजांची बॅग खांद्याला लावून, दुपारच्या रिकाम्या लोकलनं. शहरालाच हा आवाज नको आहे. १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव जिथं भरायचा ते धोबी तलावचं खुलं रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमांत सापडून बंद झालं. अशा ठिकाणी पोरं हेडफोन लावून सॉफ्टवेअरवर ड्रम लिहितात तो आळस नव्हे, त्यांना दुसरा मार्ग नसतो. ज्याच्याकडे थोडे पैसे आणि ओळखी आहेत तो दूरच्या ड्रमरकडे गाणी पाठवतो. मुंबईच्या डीमनस्टीलरनं, म्हणजे साहिल मखिजानं, २०१६च्या 'धिस बर्डन इज माइन'साठी ड्रमवर घेतला तो थेट नाइल बँडचा ग्रीक ड्रमर जॉर्ज कोलियास.

ज्याला कोलियास परवडत नाही तो माझ्याकडे येतो. डोंबिवलीचा एक पोरगा नुकताच आला होता. गिटार वाजवतो, ड्रमला कधी हात लावलेला नाही, पण सगळे ड्रम स्वतः लिहिलेले. मला म्हणाला, "दादा, फक्त खऱ्या ड्रमवर वाजवून द्या." ऐकलं. चांगलं होतं, थोडं गजबजलेलं. एका जागी मी थांबवलं.

"इथं तीन हात लागतील."

"पण सॉफ्टवेअरमध्ये वाजतंय."

वाजणारच. क्रॅशची झांज, राइड झांजेची घंटी आणि स्नेअर, तिन्ही एका ठोक्यावर. राइडच्या जागी पायानं हाय-हॅट मारून एक हात वाचवता आला असता, पण डावा पाय डबल पेडलवर अडकलेला. म्हणजे एक सोडायचं. स्नेअर सोडली तर गाण्याचा कणाच जातो. क्रॅश सोडला तर कोरसचं दार उघडतच नाही. मी आधीच्या बीटवरची राइडची घंटी नेहमीपेक्षा जोरात मारली, तिचा नाद पुढच्या ठोक्यापर्यंत टिकेल इतकी, आणि त्या ठोक्यावर दोन्ही हात क्रॅश आणि स्नेअरला दिले. तीन-चारदा वाजवून बघितल्यावर नाद बरोबर क्रॅशच्या पोटात जाऊन बसला. रेकॉर्ड करून त्याला ऐकवलं.

"दादा, राइड कुठाय?"

"आहे. आधीच्या ठोक्याची."

त्यानं ते पुन्हा लावलं, मग परत एकदा. मग हेडफोन काढून म्हणाला, "दुसऱ्या गाण्यात एका ठिकाणी चार हात आहेत. चालतील?"