कर्णाचं जाडं पुस्तक

परवा मामेबहिणीने फोनवर विचारलं, "वाचनालयात असं काय काम असतं गं तुला? पुस्तक द्यायचं, पुस्तक घ्यायचं, संपलं!" तेव्हा गॅसवर दूध होतं, त्यामुळे विषय तिथेच राहिला. पण तेव्हापासून डोक्यात घोळतंय. तर ताई, हे घे उत्तर. जरा लांब आहे, चहा घेऊन बस :)

मी राहते बपेऱ्याला. तुमसरहून सिहोऱ्यामार्गे येणारा रस्ता आमच्या गावापाशी आला की महाराष्ट्र संपत येतो, पुढे मध्य प्रदेश. ज्या वाचनालयात मी काम करते ते याच रस्त्यावरच्या एका गावात आहे. दोन खोल्या, लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, खिडकीशी वर्तमानपत्रं. आपल्याकडे १९६७चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे, त्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात. आमचं शेवटच्या अक्षरातलं. चालवते गावातली संस्था, हातभार सरकारी अनुदानाचा. वाचक घरात पोवारी बोलणारे, बाजारात हिंदी आणि आमच्याकडे आले की मराठी. रोवणीच्या दिवसांत कोणी फिरकत नाही, धान घरात आलं की कादंबऱ्या मागायला लागतात. एरवी टेबलावर पोलीस भरतीची नाही तर एमपीएससीची तयारी करणारी पोरं.

आणि आमचे काकाजी. तीस वर्षांच्या वर ग्रंथपाल. त्यांनी ठरवलंय, येत्या मार्चअखेर थांबायचं. गुडघे म्हणतात बस्स झालं. मग कार्यकारिणीने ठराव केला की त्याआधी सगळी पुस्तकं "ऑनलाइन" करायची. ठराव करायला दहा मिनिटं लागली. करायचं कोणी, हे सांगायला एकही लागलं नाही, कारण सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

एका दिवसाच्या प्रशिक्षणाला जाऊन आले. तिथे कोहा नावाची प्रणाली दाखवली. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या भागातल्या ग्रंथालयाने १९९९मध्ये ती करून घेतली, कारण त्यांची जुनी प्रणाली सन २०००च्या तारखा झेपवेल असं वाटत नव्हतं. जानेवारी २०००मध्ये ती सुरू झाली आणि मग सगळ्या जगाला फुकट वापरायला दिली. कोहा हा माओरी शब्द आहे, अर्थ भेट. कुठल्याशा खेड्याकडच्या वाचनालयाने केलेली गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचते, हे ऐकून बरं वाटलं. बाकी त्या दिवशी पडद्यावर इतक्या खिडक्या उघडल्या आणि मिटल्या की जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्या फक्त भाजीबद्दल बोललो.

घरी येऊन शोधताना एक मजेशीर गोष्ट सापडली. अमेरिकेतल्या शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलन ब्लोअर्स नावाच्या बाईंनी २००६ साली आपल्या कर्मचाऱ्यांसाठी तेवीस छोट्या छोट्या कामांची यादी केली होती. आज ब्लॉग उघडून बघा, उद्या फोटो चढवा, परवा विकीत एक ओळ लिहा, पॉडकास्ट ऐका. खेळत शिका, असा सगळा कारभार. सगळी कामं पूर्ण करणाऱ्याला बक्षीस म्हणून एमपीथ्री प्लेअर! पुढे अनेक देशांतल्या ग्रंथालयांनी ती यादी उचलली. तिच्यातली डेलिशियससारखी संकेतस्थळं आता बंद झाली आहेत, पण रोज थोडं शिकायची कल्पना टिकून आहे. मीही तसंच ठरवलं. रोज एसटीची वाट बघताना एक नवी गोष्ट. बक्षीस मात्र माझं मीच, शनिवारच्या बाजारातली गरम भजी.

कोहा चालवायला लागणारा सर्व्हर आमच्याकडे नाही. म्हणून सध्या गूगल शीटमध्ये तक्ता केलाय, पण रकाने असे ठेवलेत की उद्या कोहात ओतता येतील. जगभरची ग्रंथालयं मार्क नावाच्या पद्धतीने नोंदी करतात, तिच्यात प्रत्येक गोष्टीला आकडा असतो. १०० म्हणजे लेखक, २४५ म्हणजे शीर्षक, ६५० म्हणजे विषय. आता मला हे आकडे पाढ्यांसारखे पाठ झालेत. घरी डब्यांनाही क्रमांक द्यावेत की काय असं वाटायला लागलंय..

पहिली अडचण यंत्राची नव्हती, अक्षरांची होती. पुस्तकांची एक जुनी यादी कोणीतरी पूर्वी टाइप करून ठेवली होती, कृतीदेव फाँटमध्ये. हे फाँट म्हणजे सोंग असतं. पडद्यावर 'राम' दिसतो, पण फाइलच्या पोटात इंग्रजी जे, के आणि ई ही तीन अक्षरं असतात. फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की रामाचा पत्ता नाही, नुसते जे-के-ई. युनिकोडमध्ये तसं नाही. १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला तिथे स्वतःचा क्रमांक आहे, 'ळ'लासुद्धा. मग जुनी यादी एका कन्व्हर्टरमधून काढून युनिकोडमध्ये आणली आणि नवी पुस्तकं आम्ही फोनवरून भरत गेलो. तक्ता भरभर वाढायला लागला. मला वाटलं, जमलं की.

आणि एक दिवस एका मास्तरांनी 'वाऱ्यावरची वरात' मागितलं. मी ऐटीत तक्त्यात शोधलं. नाही. पुन्हा शोधलं. नाही. काकाजी खुर्चीतून न उठता म्हणाले, "दुसरं कपाट, खालून दुसरी फळी, डाव्या अंगाला हाय जी." होतं.

मग दोन रात्री मी त्या एका 'ऱ्या'च्या मागे लागले. तर भानगड अशी. आपला हा अर्धा र, वाऱ्यातला, ताऱ्यातला, बपेऱ्याच्या 'ऱ्या'तला, युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला वेगळा 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडायचा. दोन, साधा 'र' घेऊन पाय मोडायचा आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं चिन्ह ठेवायचं. डोळ्यांना दोन्ही हुबेहूब एक. अक्षर न् अक्षर जुळवून बघणाऱ्या शोधाला मात्र ते दोन वेगळे शब्द. कन्व्हर्टरने एक तऱ्हा वापरली होती, माझा फोन दुसरी वापरत होता. माझ्या गावाचं नाव 'बपेरा' असं सरळ लिहिलं तर कुठेही सापडेल, पण 'बपेऱ्याला' म्हटलं की अर्धी यंत्रं रस्ता चुकतील! आता सगळ्या तक्त्यात एकच तऱ्हा केली आहे. पु.ल., पु. ल. आणि पुल हेही एका रांगेत आणले: देशपांडे, पु. ल.

हे निस्तरलं तेव्हा वाटलं की कठीण भाग संपला. खरा तर तिथे सुरू झाला.

एक आजी आल्या. म्हणाल्या, "ते कर्नाचं जाडं पुस्तक दे ना वं बाई." मी तक्त्यात 'कर्ण' टाकलं, तर काहीच नाही. आणि का असावं? शिवाजी सावंतांच्या कादंबरीचं नाव 'मृत्युंजय', रणजित देसाईंच्या कादंबरीचं 'राधेय'. दोन्ही कर्णावरची, पण दोन्हींच्या नावात कर्ण नाही. काकाजींनी विचारलं, "आजी, जाडंच पायजे का पतलं चालते?" जाडं म्हणजे मृत्युंजय, पतलं म्हणजे राधेय. आजी जाडं घेऊन गेल्या. एवढं सगळं अर्ध्या मिनिटात.

त्या संध्याकाळी एसटीत बसल्यावर जाणवलं की मार्चनंतर ही आजी आली तर काय होईल. आमच्याकडे पुस्तकं असतील, तक्ता असेल, तो जगातून कुठूनही उघडता येईल. आणि आजी हात हलवत परत जातील. रंगनाथनांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. परीक्षेसाठी मी तो पाठ केला होता. काकाजींनी तो पाळला, तीस वर्षं, आणि त्याची नोंद एकाही रजिस्टरमध्ये नाही. दाखल नोंदवहीत पुस्तक कधी आलं, कितीला आलं, कोणत्या प्रकाशकाचं, सगळं आहे. लोक ते पुस्तक काय म्हणून मागतात, हे फक्त त्यांच्या डोक्यात.

तेव्हापासून काम उलटं सुरू केलं. आता मी आधी काकाजींच्या शेजारी खुर्ची टाकते, मांडीवर लॅपटॉप, आणि एकेक पुस्तक हातात घेऊन विचारते, "हे लोक कसं मागतात?" विषयाच्या रकान्यात कर्ण जातो. 'स्वामी'पुढे माधवराव पेशवे आणि रमाबाई. शीर्षकाच्या इतर रूपांसाठी मार्कमध्ये २४६ हा आकडा आहे, तिथे जातात लोकांच्या तोंडची नावं. कुसुमाग्रजांची कविता मागणाऱ्याला 'नटसम्राट' शिरवाडकरांच्या नावावर सापडेल, अशी खूण दोन्हीकडे. गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी यांचंही तसंच. जुन्या तालिकापत्रांवर यासाठी 'पाहा' असा एक शब्द असायचा. काकाजींनी तो स्वतःच्या हाताने लिहिलेली पत्रं अजून जपून ठेवलीत. मी त्यांना दाखवलं की मार्कमध्येही तेच आहे, फक्त आकडा वेगळा. ते हसले. म्हणाले, "म्हनजे आपन मागासलेले नव्हतो जी."

ऑनलाइनचं कौतुक मला नाही असं कोणी समजू नका हं. भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाला मामा तलावांवर टिपण हवं होतं. (बाहेरच्यांसाठी: मामा म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा-गोंदियाचे आपले जुने तलाव.) आमच्या कपाटात त्यावर एक पुस्तक नव्हतं. मराठी विश्वकोश उघडला, मग इंटरनेट आर्काइव्हवर भंडारा जिल्ह्याचं १९०८चं इंग्रजी गॅझेटिअर. तलाव बांधणाऱ्या कोहळी लोकांची हकिकत वाचून तो पोरगा चकितच झाला, कारण त्याची आजी कोहळ्यांची. एकदा एका म्हातारबांचा शब्दावरून वाद होता. तो आम्ही मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशात मिटवला. तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे आणि शब्द टाकून शोधता येतो. काकाजींनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "शिकागोत मराठी कोश, आन् आपल्याकडं लाइट गेली!" खरंच गेली होती. फोनवर बघत होतो.

पण एक रकाना मी केला नाही, आणि त्यावर आमचं थोडं वाजलं.

काकाजींना पुस्तकं आठवतात तसेच वाचकही आठवतात. कोणी काय नेलं, कधी नेलं, कोणत्या पानावर रडून परत आणलं. ते म्हणाले, हेही लिही, पुढच्याला कामाला येईल. मी लिहायला बसलेही. पहिलंच नाव एका बाईंचं होतं. काही वर्षांपूर्वी त्यांनी ओळीने तीन पुस्तकं नेली होती, तिन्ही कायद्याची, घटस्फोट आणि पोटगीची. काकाजींनी तेव्हा त्यावर वर्तमानपत्राचं कव्हर घालून दिलं होतं, एसटीत कोणाला दिसू नये म्हणून.

मी हात थांबवला. म्हटलं, काकाजी, तुम्ही कव्हर घातलंत, आणि मी हे कार्यकारिणीच्या सगळ्यांना उघडता येणाऱ्या तक्त्यात लिहू? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पन मग मले जे माहीत हाय ते माझ्यासंगंच जाईन ना." मी म्हटलं, हो. हे जाऊ द्या. कोहामध्येसुद्धा पुस्तक परत आल्यावर वाचकाचं नाव पुसून टाकायची सोय आहे, म्हणजे करणाऱ्यांनी हा विचार केलाय. त्यांना ते पटलं की नाही, कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी देवघेवीची सगळ्यात जुनी रजिस्टरं काढली, दोरीने बांधली आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे दिली.

तर ताई, हे काम असतं. तीन कपाटं झाली, बाकीची आहेत. मार्च फार लांब नाही आणि चौथ्या कपाटात सगळी नाटकं आहेत. त्यातल्या प्रत्येक नाटकाची गावात कोणी ना कोणी कधीतरी तालीम केलेली आहे, आणि काकाजींना ती सगळी सांगायची आहेत. त्यामुळे वेळ लागतोय. मी घाई करत नाही.