हौसेची उडी, हुकमाची उडी

दहा हजार फुटांवर विमानाचं दार सताड उघडं आहे आणि तुम्ही त्या दाराच्या कडेवर बसलायत, पाय बाहेर सोडून... कधी अनुभवलंय? मी अनुभवलंय. वारा असा येतो की आपले गाल आपले राहत नाहीत. पाठीला बांधलेला इन्स्ट्रक्टर काहीतरी ओरडतो, त्यातलं अक्षर कळत नाही. मग तो खांद्यावर थाप मारतो आणि...

थांबा. त्या 'आणि'च्या पुढचं नंतर सांगते. आधी तुम्हाला विष्णुपुरीला न्यायला हवं.

पुण्यातल्या मित्रांना मी माझं गाव नुसतं 'नांदेड' सांगते. विष्णुपुरी म्हटलं की त्यांना ते कीर्तनातलं गाव वाटतं! पण आमचं विष्णुपुरी सॉलिड आहे. गोदावरीवरचं धरण, त्याचा शंकर सागर जलाशय, काठावर काळेश्वराचं देऊळ, एसजीजीएस इंजिनीअरिंग कॉलेज आणि जवळच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. तिथल्या माध्यमशास्त्र संकुलातून मी मास कम्युनिकेशन केलं आणि करिअर करायला पुण्याला पळाले. घरी आता आई-बाबा आणि आबा. आबा म्हणजे आजोबा, वय ७७. मराठवाड्यात पोलीस ॲक्शन झाली त्या १९४८ सालचा त्यांचा जन्म.

गेल्या दिवाळीत मी घरी होते. संध्याकाळी ओट्यावर चहा चालला होता आणि माझा कॉलेजच्या दिवसांतला मित्र आला. एसजीजीएसचा इंजिनीअर, आता हिंजवडीत आयटीत आहे. आमच्या ग्रुपमध्ये त्याला 'हवाई' म्हणतात, कारण साहेब स्कायडायव्हर आहेत. थायलंडला जाऊन कोर्स केला, २५ उड्या पूर्ण करून 'ए' लायसन्स काढलं, आता साठेक उड्या झाल्यात. चौथा गडी म्हणजे आमच्या गल्लीतला एक मुलगा. वय १८. रोज पहाटे विद्यापीठाच्या रस्त्यावर पळतो. भरतीची तयारी.

हवाईनं मोबाइल काढला आणि आबांना व्हिडिओ दाखवायला सुरुवात केली. तेरा हजार फुटांवरून उडी, जवळपास मिनिटभराचा फ्रीफॉल, ताशी दोनशे किलोमीटरचा वेग, मग पाच हजारांच्या आसपास पॅराशूट.

"पाच हजारावर?" आबा म्हणाले. "तवर काय करतोस?"

"पडतो."

"नुसताच?"

"मजा असते आबा!"

आबांनी मोबाइल लांब धरून पुन्हा पाहिला. सांगायचं राहिलं, आबा पॅराट्रूपर होते. दुसऱ्या पॅरा बटालियनमध्ये, म्हणजे मूळच्या मराठा पलटणीत. आग्र्याच्या शाळेत उडी शिकले. त्यांची उडी बाराशे फुटांच्या आसपासची. पॅराशूटचा पट्टा विमानातल्या तारेला अडकवलेला असतो. तुम्ही दाराबाहेर पडलात की तो ताणला जातो आणि पॅराशूट आपोआप उघडतं. अंगावर रायफल, दारूगोळा, पिशवी. पॅराशूट गोल, त्याला वळवायची फारशी सोय नाही. वारा नेईल तिकडे जायचं. मिनिटभरात जमीन.

"म्हणजे तुम्हाला बघायलाच मिळायचं नाही काही," हवाई हळहळला.

"बघायला कोन गेलतं?" आबा.

पण विषय तांत्रिक निघाल्यावर दोघांचं जे जमलं ते विचारू नका. तुझं पॅराशूट कोण बांधतं? मीच बांधतो. शंभरदा तपासतोस का? दोनशेदा! आबांच्या वेळचं पॅराशूट कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं, १९४१ साली सुरू झालेल्या. २०२१ पासून त्या कारखान्याची 'ग्लायडर्स इंडिया लिमिटेड' कंपनी झालीय, हे मी माझं ज्ञान पाजळत सांगितलं. हवाई म्हणाला, नाव एकदम स्टार्टअपसारखं आहे. आबांना स्टार्टअप कळलं नाही, पण ते हसले.

मग मी शीतल महाजनचं सांगितलं. पुण्याची मुलगी, १८ एप्रिल २००४ ला आयुष्यातली पहिली उडी मारली ती थेट उत्तर ध्रुवावर. उणे ३७ तापमान, २४०० फूट, आधी सरावाची एकही उडी नाही. पुढे दक्षिण ध्रुव, २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ ला थायलंडमध्ये चक्क नऊवारी नेसून उडी, २०२३ ला एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून. मला वाटलं आबा म्हणतील शाब्बास. ते म्हणाले,

"नऊवारीत? पदर कुठं गुतला म्हंजे?"

बघा! मला त्या नऊवारीत हेडलाइन दिसली, आबांना गुंतणारं कापड.

दुसऱ्या चहाला हवाईनं सरकारवर तोंडसुख घेतलं. आपल्याकडे उडी मारायची म्हणजे डीजीसीए, परवानग्या, विमान मिळालं तर धावपट्टी नाही. हौस भागवायला म्हणून पासपोर्ट लागतो. त्यात मे २०२५ मध्ये त्यानं उत्तरेतल्या एका कॅम्पचं बुकिंग केलेलं, आणि ऑपरेशन सिंदूर सुरू झालं. उत्तर आणि पश्चिम भारतातली ३२ विमानतळं नागरी उड्डाणांसाठी बंद. याचा कॅम्प कॅन्सल, रजा वाया.

"पोरं तिकडं बॉर्डरवर अन् तुला रजेचं पडलंय," आबा शांतपणे म्हणाले.

"तसं नाही आबा..." हवाईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मला त्याचं वाईटही वाटलं. रजा त्याचीही खरीच होती ना! आणि मी तरी त्या आठवड्यात काय करत होते? मोबाइलवर नकाशे बघत होते.

इतका वेळ गप्प बसलेला तो मुलगा म्हणाला, "दादा, तुमच्या एका उडीला किती पैसे पडतात?"

हवाईनं सांगितलं, टँडम, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून मारलेली उडी, साधारण तीस हजारांची. मुलानं मान हलवली. त्याला जर भरतीत घेतलं तर तो अग्निवीर होणार. २०२२ ला आलेली योजना. चार वर्षं नोकरी, त्यानंतर फार तर २५ टक्के पोरांना कायम करणार. बाकीच्यांनी घरी यायचं.

"आमच्या कंपनीत चार वर्षांत लोक तीन जॉब बदलतात," हवाई त्याला धीर द्यायला म्हणाला. कुणीच हसलं नाही. आबा म्हणाले, त्यांनी १५ वर्षं भरली म्हणून पेन्शन बसली. त्या पेन्शनवर हा ओटा बांधला, बाबांचं शिक्षण झालं. मग बराच वेळ चमचे वाजत राहिले.

"तरी पॅरामधीच जायचंय मला," मुलगा म्हणाला. "ताई, तुमचा तो उडीचा लेख वाचला ना, तवाच ठरवलं."

माझ्या घशात चहा अडकला.

तो लेख याच पानांवर आला होता. 'वीकेंडला काय हटके' छापाचा. तुमच्यापैकी कुणी वाचलाही असेल. त्यात दार होतं, वारा होता, ढगातून जाताना ओठांवर बसणारा गारवा होता, पॅराशूट उघडल्यावरची ती अचानक शांतता होती. मी उडी मारली असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी तीनदा तपासलं होतं. अख्ख्या लेखात 'तुम्ही' होतं. तुम्ही पडता, तुम्हाला वाटतं, तुमच्या पायाखाली... आमच्या धंद्यात हे जमतं.

पण मी लगेच बोलले नाही. आधी मुलानं आबांना विचारलं, "तुम्ही खऱ्या लढाईत मारली ना उडी?" आणि आबा बोलले. मी २८ वर्षांची आहे, इतकं सलग त्यांना या विषयावर बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

११ डिसेंबर १९७१. पूर्व पाकिस्तानात टांगाइलजवळ, संध्याकाळी. उत्तरेकडून ढाक्याकडे मागे हटणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवायची, त्यासाठी पुंगलीचा पूल ताब्यात घ्यायचा. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांची बटालियन. लाल दिवा, हिरवा दिवा, आणि पुढच्याच्या पाठीला पाठ लावून धावत सुटायचं. "विचार करायला टाइमच नसतो," आबा म्हणाले. "मागचा ढकलतोच." खाली उतरले तर चहूकडून माणसं पळत येताना दिसली. बोट ट्रिगरवर. मग 'जय बांगला' ऐकू आलं. गावातली माणसं! त्यांनी पेट्या डोक्यावर घेतल्या, तळ्यात पडलेलं सामान काढून दिलं. एका म्हाताऱ्यानं आबांच्या हातात मुरमुरे ठेवले. "आपल्यावानीच मुरमुरे," ते म्हणाले आणि थांबले. पुलावर त्या रात्री काय झालं, ते मुलानं दोनदा विचारलं. आबांनी दोन्ही वेळा मुरमुऱ्यांचंच सांगितलं.

आमच्या बैठकीत एक फ्रेम आहे. वर्तमानपत्रातलं पिवळं पडलेलं कात्रण, आभाळभर पॅराशूट. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आजी सांगायची, यातला एक ठिपका म्हणजे हे! आणि संकुलात शिकताना मला कळलं की टांगाइलचा म्हणून जगभर छापला गेलेला तो फोटो टांगाइलचा नाहीच. लष्कराचं जनसंपर्काचं काम बघणारे आय. राममोहन राव यांनी आग्र्याच्या जुन्या सरावाचा फोटो दिला होता. 'फाइल फोटो' हे दोन शब्द तेवढे राहून गेले. उतरली होती एक बटालियन, बातमी फिरली अख्ख्या ब्रिगेडची, पाच हजार सैनिकांची. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, त्यात या फोटोचाही हात होता म्हणतात. मी त्यावर प्रेझेंटेशन केलं, मार्क झकास पडले. घरी मात्र एक शब्द बोलले नाही. आजी होती तोवर सांगायचं कसं, आणि ती गेल्यावर कशाला?

त्या संध्याकाळी तो मुलगा आत जाऊन फ्रेम घेऊन आला. "आबा, यात तुम्ही कुठले?"

"मी नाई त्यात," आबा म्हणाले. "आग्र्याचा हाय तो."

"तुम्हाला माहीत होतं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"पलटणीत सगळ्यालाच माहीत होतं."

"मग आजीला कामून नाही सांगितलं?"

"तिनं हौसेनं फ्रेम करून आनली. अन् उडी तर मारली होती ना मी."

झालं. आता गप्प बसणं मला शक्य नव्हतं. मी सांगून टाकलं. दारापर्यंत गेले, पाय बाहेर सोडले, इन्स्ट्रक्टरनं थाप मारली आणि मी मान हलवली. नाही. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही. त्यानं मला मागे ओढलं, बाकीचे आमच्या बाजूनं गेले, दार बंद झालं.

पहिला आवाज हवाईचा. "म्हणजे ढगाचा गारवा वगैरे..."

"तुझ्या व्हॉइस नोटमधलं."

"तरीच म्हटलं, हिला सेम टू सेम कसं वाटलं!" तो चिडला नाही, उलट जरा खूशच झाला. मुलानं मात्र वेगळं विचारलं. "मग ताई, विमान खाली येताना कसं वाटलं?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं, मी स्वतःलाही नाही. मी आठवू लागले. चढताना ज्या विमानात गुडघ्याला गुडघा लागत होता ते एकदम मोठं झालं होतं. पट्टे अजून मांडीला काचत होते. इन्स्ट्रक्टर खिडकीबाहेर बघत होता, मुद्दाम. पायलट तिरकं करून विमान झपाझप खाली आणत होता, कान दुखत होते. आणि आम्ही सगळ्यांच्या आधी जमिनीवर पोहोचलो! पॅराशूटवाले वर तरंगतच होते. मी धावपट्टीच्या कडेला उभी राहून त्यांचे फोटो काढले. हेल्मेट घालून हसणारी मी, मागे उतरणारी पॅराशूट. लेखात तोच फोटो होता.

आबांनी कप खाली ठेवला. "आमच्याकडं नाई म्हनलं की त्याच दिवशी सामान बांधून परत पलटणीत. सकाळी बघावं तर खाट रिकामी."

"तुमच्या ओळखीचा होता कुणी?"

"होता की. शेजारच्याच खाटेवर. चांगला पोऱ्या."

"मग त्याचं पुढे काय झालं?"

"काय व्हायचंय? एकाहत्तरला तो पन होता. आमी उडून गेलो, तो चालत गेला."

पुण्याला आल्यावर मी संपादकांना सगळं सांगितलं. त्या दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, हेच लिहून दे. म्हणून हा लेख.

पण ती संध्याकाळ तिथेच संपली नव्हती. मुलानं आबांना विचारलं, जमिनीवर पडताना हाड मोडू नये म्हणून काय शिकवतात? आबा उठले. ७७ वर्षांचा माणूस, गुडघ्याला पट्टा. पाऊल जोडून, गुडघे जोडून, हनुवटी छातीला. पाय टेकले की उभं राहायचा हट्ट धरायचा नाही. पोटरी, मांडी, कंबर, पाठ, असं कुशीवर कलत जायचं. ओटा तीन फूट उंच असेल. खाली अंगणातली माती. मुलगा सात-आठ वेळा उडी मारून लोळला. हवाई आपल्या ब्रँडेड जीन्ससकट लोळला.

"तू ये," आबा मला म्हणाले.

मी ओट्याच्या कडेला उभी राहिले. आबा अंगणात माझ्यासमोर, एक हात वर. तो त्यांनी खाली केला. मी उडी मारली, पडले, कोपर खरचटलं, तोंडात माती गेली.

"गुडघे उघडे राहिले," आबा म्हणाले. "परत."