मागची चाकं

आम्ही दोघे भाऊ कोल्हापुरात गॅरेज चालवतो. अब्बांनी ते फियाट आणि ॲम्बेसेडरच्या जमान्यात सुरू केलं. तेव्हा त्या गाड्यांच्या चारही चाकांना ड्रम असत. गावात इंजिनाचे मिस्त्री पुष्कळ, डेंटर-पेंटर त्याहून जास्त. ब्रेकचं काम मात्र कोणी आवडीने करत नसे. हात काळे होतात, पैसे थोडे मिळतात आणि जबाबदारी सगळ्यात मोठी. अब्बा म्हणायचे, "इंजन बिगड्या तो गाडी चलती नई, ब्रेक बिगड्या तो रुकती नई. पयली बात से कोई मरता नई." म्हणून त्यांनी ब्रेकचंच काम धरलं आणि तेच आमच्याकडे आलं.

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त गुरुजी आपली १९९९ ची मारुती एस्टीम घेऊन आले. त्यांची ऐंशी पार केलेली आई रत्नागिरीकडे असते. दर महिन्याला तिला दवाखान्यासाठी कोल्हापूरला आणायचं आणि परत सोडायचं, म्हणजे आंबा घाट ठरलेला. गुरुजी म्हणाले, "भाई, उतारावर पाय दाबतो आणि गाडी ऐकतच नाही. मागचे ड्रम काढून टाका, डिस्क बसवा. हल्लीच्या चांगल्या गाड्यांना चारही चाकांना डिस्क असते म्हणे. पैशाचं नंतर बघू."

आम्ही काही बोलायच्या आत थोरल्याचा मुलगा पुढे आला. आयटीआय करून तो आमच्याच हाताखाली उभा राहिला आहे. "होईल सर, आपण करू," म्हणाला. त्याच्या डोळ्यांत ते काम आधीच होऊन गेलं होतं. थोरल्याने कपाळाला आठ्या घातल्या. धाकट्याचं मन मात्र पोराकडे झुकलेलं. वर्षानुवर्षं शू आणि स्प्रिंगा बदलणाऱ्या माणसालाही कधीतरी नवं काहीतरी आपल्या हाताने उभं करावंसं वाटतं.

ज्यांना या यंत्राची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ड्रम म्हणजे चाकासोबत फिरणारं लोखंडी भांडं. आत दोन अर्धगोल शू असतात, त्यांच्यावर लायनर चिकटवलेला किंवा रिबिट मारलेला. पायाचा दाब आला की शू बाहेर पसरतात आणि भांड्याला आतून घासतात. यात एक गंमत आहे. फिरणारं भांडं पुढच्या शूला आपणच आत ओढून घेतं, त्यामुळे थोड्या दाबात जास्त पकड मिळते. डिस्कमध्ये तसं काही नाही. उघडी तबकडी दोन बाजूंनी चिमट्यात धरायची, म्हणजे जेवढा दाब तेवढीच पकड. म्हणून तिला दाब जास्त लागतो. पण ती वाऱ्यावर असते, लवकर थंड होते, पाण्यातून गेली तरी दोन फेऱ्यांत कोरडी होते. ड्रम तापला की पसरतो, शूपासून दूर जातो, आणि पाय खाली खाली जात राहतो.

एवढं ऐकलं की कोणीही म्हणेल, मग डिस्कच बरी. पुढच्या चाकांसाठी बरीच आहे आणि एस्टीमला पुढे ती कारखान्यातूनच आलेली आहे. प्रश्न मागच्या चाकांचा होता. जोरात ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालते, सगळं वजन पुढे जातं. अशा वेळी थांबवण्याच्या कामातला दोन तृतीयांशाहून जास्त वाटा पुढची चाकं उचलतात. एस्टीमसारख्या गाडीचं तर इंजिनही पुढे आणि ओढही पुढची. मागचं चाक हलकं होतं. त्याला गरजेपेक्षा जास्त पकडलं तर ते फिरायचं थांबतं, घसरतं आणि गाडीची शेपटी पुढे यायला बघते. हे टाळायलाच कारखाना मागच्या बाजूला जाणारा दाब व्हॉल्व्हने कमी करून ठेवतो. मागे छोटा ड्रम ठेवला तो नुसता कंजूषपणाने नव्हे. स्वस्त पडतो हे खरं, पण त्यामागे हिशेबही आहे.

याची एक जुनी साक्ष आहे. इटलीची फियाट १२४ ही गाडी १९६६ साली आली ती चारही चाकांना डिस्क घेऊन. तीच गाडी पुढे रशियात बनू लागली, १९७० साली, जिला आपण लाडा म्हणतो. तिथल्या चिखल-मातीच्या रस्त्यांवर मागचे पॅड भराभर झिजतात असं दिसल्यावर त्यांनी मागची डिस्क काढून ड्रम बसवला! गुरुजींच्या मागणीच्या बरोबर उलट. आमच्याकडचे पावसाळ्यातले रस्ते पाहता त्या रशियन इंजिनिअरांचं म्हणणं आम्हाला चटकन पटतं.

पण पोराला साक्षी-पुराव्यांत रस नव्हता. मग ठरलं, गुरुजींच्या गाडीला हात लावायचा नाही. आमची स्वतःची एक एस्टीम अंगणात उभी असते, तिच्यावर करून बघायचं, आणि ती रस्त्यावर आणायची नाही.

पोराने भंगारातून दुसऱ्या गाडीच्या मागच्या डिस्क आणि कॅलिपर आणले. कॅलिपर धरायला पट्टी हवी. ती उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडून दहा मिलिमीटरच्या पोलादी प्लेटची करून घेतली. कॅलिपर तबकडीच्या बरोबर मध्यावर यायला हवा, नाहीतर एक पॅड तिरका झिजतो. तीन वेळा पट्टी बदलली. मग तेरा इंची रिम कॅलिपरला घासू लागली, म्हणून चौदा इंची चाकं उसनी आणली. मग हँडब्रेक. ड्रममध्ये हँडब्रेक म्हणजे एक केबल आणि एक तरफ, साधं काम. डिस्कला त्यासाठी आत आट्यांचा पिस्टन असलेला कॅलिपर लागतो. तो पिस्टन दाबून आत जात नाही, फिरवत न्यावा लागतो. हे माहीत नसलेल्या मिस्त्रीने सी-क्लॅम्प लावून दाबला की कॅलिपर कामातून गेला. पोराला ते माहीत होतं. केबल मात्र लांबीला जमेना. चढावर उभी केलेली गाडी त्याच्या हँडब्रेकवर रेंगाळत मागे सरकायची. ड्रमवर तीच गाडी खिळ्यासारखी उभी राहत असे.

एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात परवानगी घेऊन चाचणी केली. पेडल आधीपेक्षा खोल जात होतं, कारण नव्या कॅलिपरला ब्रेक ऑइल जास्त लागत होतं आणि मास्टर सिलेंडर जुनाच. ओल्या फरशीवर जोराने ब्रेक मारताच मागची चाकं आधी थांबली आणि गाडी चांगली आडवी फिरली. मोकळं आवार होतं म्हणून हसलो. आंबा घाटात उजव्या हाताला दरी असते.

पोर हरला नाही. त्याने मागच्या लाइनमध्ये कमी-जास्त करता येणारा व्हॉल्व्ह बसवला आणि मागचा दाब कमी करत नेला. शेवटी गाडी सरळ थांबू लागली. टेप धरून अंतर मोजलं, तर ड्रमवर जेवढं होतं साधारण तेवढंच. होणारच. शेवटी गाडी थांबते ती टायर रस्त्याला धरतो म्हणून. आधी डिस्क बसवली आणि मग तिचंच तोंड दाबून धरलं, असा तो सगळा खटाटोप. तरी धाकट्याचं म्हणणं पडलं की पोराने या दोन महिन्यांत जे शिकून घेतलं ते आयटीआयमध्ये मिळालं नसतं. थोरल्यानेही यावर वाद घातला नाही.

कायद्याची बाजूही होतीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिला, की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत चालणार नाही. उद्या अपघात झाला आणि विम्याचा सर्व्हेअर चाकाखाली वाकून बघू लागला, तर त्या पट्टीवर कोणत्या कंपनीचा नंबर सापडणार?

दरम्यान गुरुजींचे ड्रम आम्ही उघडले होते. डावीकडचा व्हील सिलेंडर गळत होता आणि लायनर तेलाने भिजलेला. उजवीकडचा ॲडजस्टर गंजून अडकला होता, म्हणजे शू ड्रमपर्यंत धड पोचतच नव्हते. आणि ब्रेक ऑइल काळं पडलेलं. हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शिरलं की ती हद्द १४० पर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर सतत पाय ठेवला तर त्यात वाफ धरते आणि पेडल स्पंजासारखं होतं. ही वाफ मुख्यतः पुढच्या कॅलिपरमध्ये धरते, कारण उष्णता तिथे जास्त. म्हणजे गुरुजींच्या घाटातल्या भीतीवर मागची डिस्क हा इलाजच नव्हता. नवे सिलेंडर, नवे शू, ड्रमला लेथवर हलका हात, पुढचे पॅड, नवं तेल. आणि जाताना अब्बांचंच वाक्य सांगितलं, "गाडी गेअर पे उतारना, पाँव पे नक्को." गुरुजींना ते मराठीत समजावून सांगावं लागलं नाही. आता आईला घेऊन येतात-जातात. बिल पाहून मात्र थोडे खट्टू झाले, इतक्या कमी पैशांत झालेलं काम पक्कं असेल का म्हणून.

पोरानेच नंतर एक माहिती आणली. फोक्सवॅगनच्या आयडी ३ या विजेवरच्या नव्या गाडीला मागे ड्रम आहेत. मोटारच गाडीचा वेग कमी करते, मागचे ब्रेक फारसे वापरले जात नाहीत, आणि न वापरलेली उघडी डिस्क गंजते. ही माहिती त्याने आम्हाला अशी सांगितली, जणू ड्रमची बाजू तोच पहिल्यापासून घेत होता.

ड्रमच्या विरुद्ध आमचा एक खरा राग आहे आणि तो पकडीचा नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडला की आत काळसर पीठ साठलेलं. त्या काळी सगळ्याच गॅरेजांत ते कंप्रेसरच्या हवेने उडवत. अब्बाही तेच करत, तोंडावर रुमालसुद्धा नसे. शेवटची सहा वर्षं ते खोकत होते. या तंतूंचा आजार वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षांनी बाहेर पडतो. कागदावर त्यांच्या छातीचं कारण कोणी लिहिलं नाही, आम्हीही विचारलं नाही. जुने शू अजून कुठल्या कुठल्या गाड्यांतून निघतात. म्हणून आता आमच्याकडे ड्रम आधी साबणाच्या पाण्याने भिजवतो, खाली पत्र्याचा ट्रे, तोंडाला मास्क. कंप्रेसरचा पाइप ब्रेकच्या जागेपर्यंत पोचूच नये, म्हणून पोराने तो दोन हात कापून आखूड केला आहे.