हाती आलेले टाळ

सार्वजनिक उत्सवाच्या मांडवाला दार नसते. तरीही नवख्या माणसाला तेथे उंबरठा जाणवतो. वडिलांच्या बदलीमुळे आम्ही नव्या गावी आलो, तेव्हा गणेशोत्सवात मी रोज मांडवाच्या कडेला उभा राहत असे. मला कोणी ‘जा’ म्हणत नसे. परंतु ‘ये’ असेही कोणी म्हणत नसे. तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी एका वृद्ध गृहस्थांनी माझ्या हाती टाळ दिले व ते म्हणाले, “बाळ, ताल धर बरे!” त्या क्षणी तो उत्सव माझा झाला.

काही ठिकाणी तर खरोखरीचीच दारे बंद होती. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे, म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण केले आणि ते दार उघडले. अशी दारे उघडण्यास थोर माणसे लागतात. परंतु उघड्या दाराशी संकोचून उभ्या असलेल्यास आत आणणे आपल्यासारख्या साध्या माणसांनाही साधते. मुलांनो, नवागताला नुसता प्रसाद देऊन थांबू नका. प्रसाद वाटण्याचे तबकही त्याच्या हाती द्या. पाहुणचाराने पाहुणा सुखावतो. काम वाटून घेतले, की तो घरचा होतो.